मुलांच्या मातीकामासाठी आवा (कुंभाराची भट्टी) लावायचाय : ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

यंदा पोळ्याला आपल्या जिल्हा परिषद शाळेत मुलांनी मातीचे बैल केले. माती उरली, तेव्हा गुरुजी म्हणाले, आता ज्याला जे वाटेल ते करा. खरी गंमत तिथून पुढे! कुणी बोअरची मोटर केली, कुणी आजीचा पानपुडा. चौथीतल्या एका मुलीनं कोपी, म्हणजे ऊसतोड कामगारांची झोपडी केली. पाचटाचं छप्पर काडीनं ओरखडून दाखवलेलं, दारात तीन दगडांची चूल, कुडाला टेकवलेला कोयता. तिचे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर साखर कारखान्यावर जातात, ते गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. ती आजीजवळ राहते. ‘माझे आईवडील’ या निबंधात तिनं जेमतेम तीन ओळी लिहिल्या होत्या.

आठवड्याभरात कोपी तडकली. कुंभारकाकांनी हातात घेऊन सांगितलं, माती चाळलेली नाही, तळ जाड ठेवलाय, त्यात उन्हात वाळवलीय. जाड भाग आतून कोरावा लागतो. जोड देताना दोन्हीकडं ओरखडून मध्ये पातळ माती भरावी लागते. सावलीत पुरतं वाळल्यावर आव्यात भाजायचं. न भाजलेली वस्तू पाणी लागलं की विरघळते.

काका दर शनिवारी शिकवायला तयार आहेत. मानधन नको म्हणतात, पण त्यांचा रोज बुडतो, तो द्यायचाच असं शाळा व्यवस्थापन समितीनं ठरवलंय. घटस्थापनेची मडकी विकून झाली की ते मोकळे होतात. म्हणून पहिला आवा घटस्थापना ते दसरा या दिवसांत, पाऊस उघडला की लावायचा. त्यानंतर निम्मे पालक गावात नसतात, आणि भाजलेली वस्तू मुलांनी आपल्या हातानं त्यांना दाखवावी अशी आमची इच्छा आहे.

तलावातल्या गाळाची एक ट्रॉली माती हवी आहे. ट्रॅक्टरवाल्यांनी एक खेप शाळेसाठी मारावी. बारीक चाळण्या, लाकडी फळ्या, गोणपाट आणि ओली माती झाकायला जुनी सुती लुगडी-धोतरं लागतील. जळणाला गोवऱ्या, पऱ्हाट्या, तुराट्या, भुसा, जे घरी असेल ते आणा. पुण्या-मुंबईकडं असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी काकांच्या रोजाचा भार उचलला तर फार बरं होईल. रोख रक्कम मुख्याध्यापकांकडंच द्यावी आणि पावती घ्यावी. जमाखर्च शाळेच्या फळ्यावर लागेल, ग्रामसभेतही वाचून दाखवू.

गणपतीचे साचे आणि ऑइलपेंटचे डबे मात्र कृपया पाठवू नयेत.

आपली,
शाळा व्यवस्थापन समिती