जाळीत राहिलेलं अक्षर

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलायला घेतलं असतं तर बाबा, तुम्ही ‘बरं, बरं’ म्हणून फोन आईकडे दिला असता आणि आईने विषय बदलला असता. म्हणून लिहायला बसले.

आपली जुनी गमतीची वाक्यं पुन्हा टी-शर्टवर छापायची आणि सोबत आपल्या धंद्याच्या इतिहासाची छोटी पुस्तिका द्यायची, हे तुम्हाला माहीत आहेच. मसुदा लिहून झाला होता. त्यात सगळीकडे बाबाच होते. बाबांनी लाकडाच्या पट्ट्या ठोकून छपाईच्या जाळीची पहिली फ्रेम केली, बाबांनी स्क्वीजी, म्हणजे जाळीवरून शाई ओढायची रबरी पट्टी, ओढली, बाबा गठ्ठे घेऊन दुकानं फिरले. सगळं खरंच आहे. पण गेल्या आठवड्यात माळ्यावरच्या जुन्या फ्रेम्स खाली काढल्या आणि मसुदा बाजूला ठेवला.

त्यातली सगळ्यात जुनी फ्रेम मी खिडकीशी धरली. धुऊन ठेवलेली जाळी, कोरीच वाटली. पण शाई कितीही धुतली तरी धाग्यांत तिचा फिकट डाग राहतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. फ्रेम जरा तिरकी केली तर एकावर एक तीन वाक्यं दिसली. नवी जाळी परवडत नव्हती, म्हणून तीच धुऊन धुऊन वापरलेली. वरची दोन नीट लागली नाहीत. सगळ्यांत खालचं लागलं: ‘हसू नका, छपाई ओली आहे.’ त्यातला ‘ल’ पाहिला आणि हात थांबला. शेवटची रेघ उगाच लांब ओढलेली. आई, माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हर घालून तू वर नाव घालायचीस, तेव्हा असाच ‘ल’ काढायचीस.

मग एकेक आठवायला लागलं. ट्रेसिंग पेपरवर काळ्या शाईने वाक्य लिहायचीस तू. एक अक्षर बिघडलं की नवा कागद. इमल्शनचा, म्हणजे उजेडाने कडक होणारा, लेप लावलेली स्क्रीन, म्हणजे ती जाळीची फ्रेम, अंधारात वाळायची, म्हणून रात्री न्हाणीघरात पिवळा दिवा लागायचा आणि आम्हाला आत यायची बंदी. मग तो कागद स्क्रीनवर ठेवून वरून प्रखर उजेड. उजेड लागेल तिथे इमल्शन कडक होतं. काळ्या अक्षरांच्या आड ते मऊच राहतं आणि पाण्याने निघून जातं. ती मोकळी जाळी म्हणजे तुझं अक्षर. बाबांनी इतकी वर्षं स्क्वीजी ओढली ती त्यातूनच. आणि वाक्यंही तुझीच. हे मला लहानपणापासून दिसत होतं, तरी लिहायला बसल्यावर सुचलं नाही, याचं फार वाईट वाटतंय.

पुस्तिकेसाठी बरंच वाचलं. टी-शर्ट मुळात आत घालायचा कपडा. अमेरिकन नौदलाने १९१३ च्या सुमारास तो गणवेशाच्या आत दिला. छातीवर मजकूर छापून तो बाहेर मिरवायची पद्धत नंतरची. १९४८ च्या अमेरिकी निवडणुकीतला, उमेदवार ड्युई यांच्या नावावर कोटी केलेला एक शर्ट स्मिथसोनियन संग्रहालयात जपलाय. म्हणजे छापील टी-शर्टवरची गंमत आपल्या कितीतरी आधीची. पण माझं मन अडकलं ते ग्राफिक डिझायनर मिल्टन ग्लेझर यांच्यापाशी. न्यूयॉर्कसाठी १९७० च्या दशकात त्यांनी ‘आय लव्ह न्यूयॉर्क’चं, ‘लव्ह’च्या जागी लाल हृदय असलेलं, ते चिन्ह केलं, टॅक्सीत बसल्या बसल्या त्याचं रेखाटन केलं आणि पैसे घेतले नाहीत. जगभर शर्टांवर ते छापलं गेलं. पण त्यांचं नाव लोकांना ठाऊक आहे. तुझं आपल्या स्वतःच्या डब्यांवरसुद्धा नाही.

तुझं एक वाक्य कुणीतरी जसंच्या तसं उचललं होतं, आठवतं? एवढ्याशा वाक्याला कॉपीराइट सहसा मिळत नाही, हे कळल्यावर बाबा दोन दिवस जेवताना बोलले नव्हते. तू मात्र त्याच रात्री कागद घेऊन बसलीस आणि सकाळी तीन नवी वाक्यं टेबलावर होती. हे पुस्तिकेत जाणार, तू नको म्हणालीस तरी.

बाबा, तुमची जागा कमी करत नाहीये. लाल पॉलिएस्टरच्या शर्टांचा प्रसंग सविस्तर लिहिलाय. मी नुकतीच कामाला लागले होते आणि तुम्हाला न विचारता ती ऑर्डर घेतली. शाई पक्की व्हायला सुमारे १६० अंशांची उष्णता दिली. त्या उष्णतेने पॉलिएस्टरचा रंग सुटून वरच्या शाईत शिरतो, हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी पांढरीशुभ्र दिसणारी अक्षरं सकाळी गुलाबी झाली होती. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. गिऱ्हाइकाला फोन करून ‘चूक आमची’ म्हणालात, सगळे शर्ट सुती कापडावर पुन्हा छापून दिलेत आणि तो गुलाबी गठ्ठा माझ्या टेबलाखाली ठेवलात. तो अजून तिथेच आहे. नवं कापड आलं की आधी एक शर्ट छापून रात्रभर ठेवते, मगच पुढचं काम.

आता दोन कामं आहेत. बाबा, त्या जुन्या फ्रेमला नवी जाळी बसवून घे म्हणाला होतात. नाही बसवणार. लाकूड चांगलं आहे, कबूल. पण जाळी तशीच राहू दे.

आई, सोबत ट्रेसिंग पेपर पाठवतेय, चार जास्तीचे आहेत. त्यावर काळ्या शाईने तुझं नाव लिहून पाठव. आडनाव नको, नुसतं नाव, रोज लिहितेस तसं. शर्टाच्या आत मानेपाशी, मापाच्या आकड्याखाली ते छापायचंय. कागद घडी न घालता गुंडाळून पाठव, घडीची रेघ स्क्रीनवर उमटते.

तुमची
धाकटी