चाकावर हातोडी मारणं हे कर्मकांड?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला ट्राम आणि ट्रेनच्या मेंटेनन्सवरचा लेख वाचला. दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं माझ्याच चष्म्यात गडबड आहे. रात्रीच्या शेडचं वर्णन झकास, धुकं काय, पिवळे दिवे काय, सगळं आहे, फक्त काम कुठे दिसत नाही. आणि ते एक वाक्य, की जुने कामगार अजूनही सवयीने चाकांवर हातोडी मारत फिरतात, सेन्सर आले की हे ‘कर्मकांड’ संपेल. कर्मकांड! लेखकमहाशय पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उतरले होते का वरूनच फोटो काढून घरी गेले?

मी ३३ वर्षं फिटर होतो, आधी ट्राम डेपोत, मग ट्रेनच्या शेडमध्ये. हातोडी आवाज ऐकायला मारतात हो. जुन्या चाकांना पोलादी टायर वेगळा असायचा, तापवून चढवायचा, गार झाला की आवळून बसायचा. ब्रेक चिकटून राहिला की तोच टायर परत तापतो आणि सैल पडतो. म्हणून टायर आणि आतलं चाक दोन्हीवरून एक पांढरी रेघ मारून ठेवतात, रेघ तुटलेली दिसली की समजायचं टायर सरकला.

पण रेघ दिसली तर ना. नवा होतो तेव्हाची गोष्ट, पहाटेच्या पहिल्या गाडीचा रेक, म्हणजे डब्यांची अख्खी जोडणी, ब्रेकची काळी भुकटी आणि ग्रीस बसून चाकावर नुसता लेप झालेला, मी बॅटरी मारली, ठीक आहे म्हटलं आणि पुढे सरकलो. मागून आमचे मिस्त्री हातोडी मारत येत होते. टण्ण, टण्ण, टण्ण आणि मग भद्. फुटक्या मडक्यासारखं. थांबले, परत मारली, परत भद्. मला एक शब्द बोलले नाहीत, खिशातलं फडकं काढून हातात दिलं. पुसलं तर रेघेचे दोन तुकडे, मधे चार बोटं अंतर. गाडी सिक केली, म्हणजे नादुरुस्त म्हणून बाजूला काढली. लगेच कंट्रोलचा, म्हणजे गाड्या चालवणाऱ्या ऑफिसचा, फोन, दुसरा रेक नाही, गाडी रद्द होईल, जबाबदारी कोणाची? मिस्त्री म्हणाले माझी, आणि फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, तांत्रिक बिघाडामुळे गाडी रद्द, प्रवाशांचे हाल. पेपर तुमचा नव्हता, पण तुम्हीही तेच छापलं असतंत.

लेखात जर्मनीच्या वेगवान गाड्यांचं भरभरून कौतुक आहे. मग ३ जून १९९८ ला तिथल्याच एशेडे गावात काय झालं तेही लिहायचं की. ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पळणारी गाडी, एका चाकाचा टायर तुटला, १०१ माणसं गेली. ते चाक होतं टायर आणि चाकाच्या मधे रबराचा पट्टा असलेलं, म्हणजे ट्रामला वापरतात त्या जातीचं. कमी वेगाला ते चालून जातं, तिथे डब्यातली थरथर कमी व्हावी म्हणून वेगवान गाडीला लावलं आणि तडा टायरच्या आतल्या बाजूने वाढत गेला. आणि आमचे लेखक लिहितात ट्राम म्हणजे छोटी ट्रेनच!

छोटी ट्रेन म्हणे. ट्रामचे रूळ रस्त्यात पुरलेले, खाचेत खडी-माती अडकते, वळणं एवढी आवळ की चाकाची कड खाल्ली जाते. चाकाला पकड मिळावी म्हणून रुळावर वाळू सोडतात, त्या वाळूच्या पेट्या भरायच्या त्या कोरड्या वाळूने, ओली पडली की गुठळी, गुठळी झाली की नळी बंद, मग ऐन ब्रेकच्या वेळी चाक घसरतं, एका जागी सपाट होतं आणि सगळा रस्ता ठक ठक ऐकत बसतो. सपाट झालं एक चाक तरी जोडीतलं दुसरंही लेथवर तेवढंच उतरवावं लागतं. लो फ्लोअर ट्रामला तर खाली जागाच नाही, बरंचसं सामान छतावर, म्हणजे फिटरही छतावर.

सेन्सरशी माझं भांडण नाही. आता एकसंध चाकं आलीत, अल्ट्रासोनिकने, म्हणजे कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी, आतला तडा सापडतो, तो माझ्या हातोडीला सापडला नसता हे मीच सांगतो. पण गाडी देत नाही अशी सही कोण करणार? सेन्सरला पहाटे कंट्रोलचा फोन येत नाही.

जाता जाता, फोटोखाली लिहिलंय ‘इंजिन दुरुस्त करताना कामगार’. फोटोत दोघं छतावर बसून पँटोग्राफची, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्याची, कार्बन पट्टी बदलतायत, तुम्हाला इंजिन कुठे दिसलं? आणि मागच्या महिन्यात माझं पत्र छापलंत त्याबद्दल आभार, पण मी लिहिलं होतं ‘लाइन बंद करून अर्थिंग केल्याशिवाय छतावर चढू नये’ आणि तुम्ही छापलंत ‘केल्यावर चढू नये’. शेडमधली पोरं अजून फोन करून विचारतात, काका, मग कधी चढायचं? हे पत्र मोठं वाटलं तर अख्खं टाकून द्या, पण मधून कापू नका.

आपला,
एक निवृत्त फिटर