पट्ट्याची लढत आणि ऐनवेळी आलेला माणूस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. लढत दोन आठवड्यांवर आली असताना समोरचा बॉक्सर बदलतात आणि तरी त्याला जागतिक विजेतेपदाची लढत म्हणतात, ही प्रेक्षकांची फसवणूकच नाही का, असं तू विचारलंस. कधी कधी असते. पण ते ओळखायला निरोप किती दिवस आधी गेला, एवढंच मोजून भागत नाही. फोन वाजला त्या दिवशी तो माणूस कुठे होता, वजन किती होतं, शेवटचा कधी लढला होता, हे बघावं लागतं.

अँडी रुईझचं उदाहरण सगळ्यांना पाठ आहे. 1 जून 2019 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटाचा जगज्जेता अँथनी जोशुआ याच्यासमोर जॅरेल मिलर उभा राहणार होता. तो उत्तेजक चाचणीत सापडला आणि रुईझला बोलावलं. त्याचं 268 पौंडांचं, म्हणजे सुमारे 122 किलोंचं शरीर बघून लोक हसले. पण हा माणूस 20 एप्रिललाच रिंगमध्ये उतरून जिंकला होता. हात चालू होते, अंतराचा अंदाज ताजा होता. तिसऱ्या फेरीत तो आधी स्वतः पडला, उठला, त्याच फेरीत जोशुआला दोनदा पाडलं, सातव्यात आणखी दोनदा, आणि पंचांनी लढत थांबवली. डिसेंबरमध्ये सौदी अरेबियातल्या फेरलढतीत त्याला तयारीला भरपूर वेळ होता. तेव्हा तो 283 पौंडांच्याही वर वजन घेऊन आला आणि गुणांवर हरला.

मॅनी पॅकियावचंही तसंच. 2001 च्या जूनमध्ये लास वेगासला लेहलोहोनोलो लेडवाबाविरुद्ध त्याला साधारण दोन आठवड्यांच्या निरोपावर उभं केलं. लढत 122 पौंडांच्या गटातली, आयबीएफ या जागतिक संघटनेच्या पट्ट्यासाठी, म्हणजे विजेतेपदासाठी. पॅकियाव त्या वजनात आधीपासून लढत होता, एप्रिलमध्येच एक लढत झाली होती, आणि निरोप आला तेव्हा तो अमेरिकेतच होता, हॉलिवूडच्या वाइल्ड कार्ड जिममध्ये फ्रेडी रोचच्या हाताखाली. म्हणजे वजन उतरवायचं नव्हतं, समुद्र ओलांडायचा नव्हता. सहाव्या फेरीत लढत संपली आणि पट्टा त्याच्याकडे आला.

आता उलट बाजू. 5 मे 2018 ला जगज्जेत्या गेनाडी गोलोव्किनसमोर मेक्सिकोचा बॉक्सर कानेलो याच्या जागी व्हेनेस मार्टिरोसियन आला. तो आधी दोन वर्षं लढलाच नव्हता. दुसऱ्या फेरीत आडवा झाला. 2017 च्या नोव्हेंबरमध्ये डिऑन्टे वाइल्डरसमोर लुईस ऑर्टिझऐवजी बर्मेन स्टिव्हर्न उभा राहिला. गंमत बघ, स्टिव्हर्नची त्याच रात्री त्याच ठिकाणी दुसरी लढत ठरलेलीच होती, म्हणजे सराव चालू होता. पण त्यालाही रिंगमध्ये उतरून दोन वर्षं झाली होती. पहिली फेरीसुद्धा पुरी झाली नाही. सरावाने दम येतो, पण खरा ठोसा येताना दिसणं आणि त्याआधी डोकं हलणं, हे लढूनच टिकतं.

पट्ट्याच्या लढतीची पुरी तयारी आठ ते बारा आठवड्यांची. सुरुवातीचे तीन-चार आठवडे पळणं, ताकद, दम. मधल्या आठवड्यांत स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, चार फेऱ्यांपासून चढवत दहा-बारापर्यंत न्यायचं, तेही समोरच्या माणसाच्या उंचीचे आणि ढंगाचे जोडीदार आणून. शेवटचे आठ-दहा दिवस उतरतीचे: जड स्पारिंग बंद, वजन, झोप. दोनच आठवडे हातात असले की मधला भाग गळतो, आणि तो कशानेच भरून निघत नाही. शहाणा प्रशिक्षक इथे एक कटू गोष्ट मान्य करतो: नवा दम दोन आठवड्यांत तयार होत नाही, आहे तो फक्त परजता येतो. मग पहिल्या आठवड्यात सहा ते आठ फेऱ्यांची तीन-चार सत्रं, शेवटचं जड सत्र लढतीच्या किमान आठवडाभर आधी, आणि डावपेच दोनच, पण घोटून घोटून. घाबरलेला प्रशिक्षक रोज स्पारिंग लावतो. त्यात भुवई फुटते, पाय जड होतात, आणि माणूस लढतीच्या रात्री दमूनच रिंगमध्ये चढतो.

सगळ्यात धोक्याची जागा वजनाची. हेवीवेटला वरची मर्यादा नसते, म्हणून आयत्या वेळचे बदल तिथे सर्वाधिक खपतात. खालच्या गटांत तसं चालत नाही. वेल्टरवेटची मर्यादा 147 पौंड, सुमारे 66.7 किलो. डब्ल्यूबीसी या जागतिक संघटनेचा नियम असा की लढतीच्या 30 दिवस आधी वजन मर्यादेच्या 10 टक्क्यांहून आणि 7 दिवस आधी 5 टक्क्यांहून वर नसावं. म्हणजे महिनाभर आधी साधारण 161 आणि आठवडाभर आधी 154 पौंडांच्या आत. फोन आला तेव्हा माणूस 165 वर असेल तर दोन आठवड्यांत चरबी फार तर दोन-तीन किलो जाईल. उरलेलं सगळं पाणी. आदल्या दिवशी काट्यावर उभं राहायला तो घाम गाळतो, मीठ तोडतो, गरम पाण्यात बसतो. काट्यावरून उतरल्यावर पाणी प्यायल्याने वजन परत येतं, पण शरीरातलं बिघडलेलं गणित एका रात्रीत सुधारत नाही. पायात गोळे येतात, पाचव्या-सहाव्या फेरीत हात खाली येतात. त्याहून वाईट म्हणजे पाणी कमी झालेल्या शरीराने डोक्यावर ठोसे घेणं जास्त धोक्याचं. अशा वेळी ठरलेल्या गटापेक्षा दोन-तीन पौंड वर लढत घ्यावी, पट्टा पणाला नसला तरी चालेल, असं माझं ठाम मत आहे.

2025 च्या फेब्रुवारीत रियाधला जे झालं ते मला अजून पटलेलं नाही. डॅनियल दुबोआ आजारी पडला आणि जोसेफ पार्करसमोर मार्टिन बाकोलेला दोन दिवसांच्या निरोपावर थेट काँगोहून आणलं. वजन 300 पौंडांच्या वर, आधीची लढत सहा महिन्यांपूर्वीची, अंगात विमानप्रवास. दुसऱ्या फेरीत संपलं. बाकोलेच्या धैर्याला नमस्कार, पण त्याला हो म्हणू देणाऱ्यांना नाही.

विजेत्याचंही नुकसान होतं, हे मात्र आपण विसरतो. 2017 च्या ऑक्टोबरमध्ये कार्डिफला जोशुआ उंच कुब्रात पुलेवसाठी तयार झाला होता. बारा दिवस उरले असताना पुलेवचा खांदा दुखावला आणि समोर आला कार्लोस ताकाम, बुटका, आत शिरणारा. दुसऱ्या फेरीत ताकामचं डोकं लागून जोशुआचं नाक मोडलं. उंच माणसासाठी घोटलेला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, बुटक्याच्या डोक्यावरून जातो, आणि तो चुकला की समोरचा थेट छातीशी येतो. 1986 च्या डिसेंबरमध्ये टिम विदरस्पून टोनी टब्ससाठी तयार होता. आठवडाभर आधी जेम्स ‘बोनक्रशर’ स्मिथ आला. दीड वर्षापूर्वी विदरस्पूनने याच स्मिथला गुणांवर हरवलं होतं. स्मिथने पहिल्याच फेरीत त्याला तीनदा पाडून डब्ल्यूबीए या संघटनेचा पट्टा नेला.

ताकामबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची तीच. तो अचानक सापडला नव्हता. आयोजकांनी पुलेवशी लढत ठरवतानाच त्याच्याशी बोलून ठेवलं होतं आणि त्याचा सराव सुरू होता. म्हणून तो दहाव्या फेरीपर्यंत टिकला. जपानात हे अजून नीट करतात. 2024 च्या मे महिन्यात टोकियोला जगज्जेत्या नाओया इनोउएसमोर लुईस नेरी होता, जो आधी एकदा ठरलेल्या वजनात आला नव्हता. म्हणून टीजे डोहेनीला त्याच रात्री दुसरी लढत देऊन राखीव ठेवलं. 2025 च्या जानेवारीत इनोउएशी लढणाऱ्या सॅम गुडमनची भुवई सरावात दुसऱ्यांदा फुटली, तेव्हा राखीव असलेला किम ये-जून पुढे आला. तो चौथ्या फेरीत हरला, पण वजन उतरवून, तयारीने आला होता. मोठ्या लढतीच्या करारात राखीव माणसाच्या मानधनाची ओळ सक्तीची हवी. कुस्तीच्या फडात जोड तिथल्या तिथे लावता येते, कारण पैलवान डोळ्यांसमोर उभा असतो. इथे संघटनेच्या क्रमवारीत पहिल्या पंधरात नाव हवं, रक्ताच्या चाचण्या, डोळ्यांची तपासणी, मेंदूचा एमआरआय, परवाना, व्हिसा. हे आधीच करून ठेवलेला माणूस नसेल तर आयोजक चांगला माणूस सोडून मोकळा माणूस उचलतात.

आपला बॉक्सर नीरज गोयत, त्याचं आठवतं ना? 2019 च्या जुलैत जेद्दाला तो ब्रिटिश बॉक्सर आमिर खानशी लढणार होता. हरियाणात अपघात झाला आणि त्याच्या जागी बिली डिब आला, जो एके काळी 126 पौंडांच्या गटाचा विजेता होता. लढत 147 ची. चौथ्या फेरीत डिबच्या कॉर्नरनेच, म्हणजे कोपऱ्यातल्या त्याच्याच माणसांनी, टॉवेल टाकून हार मान्य केली, ते योग्य केलं.

पुढच्या वेळी अशी लढत पाहशील तेव्हा पहिल्या दोन फेऱ्यांवरून मत बनवू नकोस. तेव्हा सगळेच ताजे दिसतात. चौथी सुरू झाली की ऐनवेळी आलेल्याचं तोंड उघडं आहे का बघ, जॅब मारून हात हनुवटीशी परततो की छातीशी, ते बघ, आणि ठोसा मारल्यावर मागचा पाय उचलतो की घसटतो, तेही. हात छातीशी आणि पाय घसटत असेल, तर त्याच्या कॉर्नरकडे नजर ठेव. टॉवेल कोणाच्या हातात आहे ते बघ.

तुझा मित्र