ओंकारसाठी पुस्तक पाठवतोय

टेमा, घाना
रविवार

ती. आई-बाबांस शि. सा. न.

आमचे एक साहेब उद्या सुट्टीवर मुंबईला निघालेत. त्यांच्या हाती हे पत्र आणि एक पुस्तक देतोय. फोनवर ओंकार शेजारीच असतो, त्याच्यादेखत काही गोष्टी बोलता येत नाहीत.

आधी तुझे प्रश्न, आई. मला आत्ता मलेरिया नाही. मागच्या महिन्यात जो झाला तो साधा होता, तीन दिवसांत उतरला, म्हणून कळवलं नाही. मच्छरदाणी लावतो. रात्री बाहेर पडू नकोस हे दर वेळी सांगू नकोस, कराडच्या स्टँडवर रात्री वाटते तेवढीही भीती इथे वाटत नाही. आणि बाबा, इथलं घड्याळ साडेपाच तास मागे आहे. तुम्ही सकाळी आठला फोन करता तेव्हा माझे रात्रीचे अडीच वाजलेले असतात. करू नका असं नाही म्हणत.

इथल्या नावांचं मात्र नीट सांगतो, कारण माझाच अजून गोंधळ होतो. मूल ज्या वारी जन्मतं त्या वाराचं नाव त्याला असतंच. शुक्रवारचा मुलगा कोफी, शनिवारचा क्वामे, सोमवारचा क्वाजो. मुलींची वेगळी, शनिवारची असली की आमा. चर्चमधलं नाव निराळं, आडनाव निराळं, तरी हे आहेच. कोफी अन्नान म्हणजे शुक्रवारचा. आमच्या खात्यात चार कोफी आहेत, हाक मारली की चौघं वळून बघतात, मग थोरला कोफी, उंच कोफी असं करावं लागतं. आपल्याकडे सोमा, बुधा, मंगळ्या असायचे, पण एखादा. इथे सगळेच. मला माझा वार विचारला तर मला तो माहीतच नव्हता! माणसाला स्वतःचा वार माहीत नाही याचंच त्यांना नवल. मोबाइलवर शोधला तर बुधवार निघाला, म्हणजे मी क्वाकू. त्यावर सगळे पोट धरून हसले, कारण इथल्या गोष्टींतला लबाड कोळी अनान्से, तोही क्वाकूच. (कोळी म्हणजे जाळं विणणारा किडा, मासे धरणारा नव्हे.) ओंकार मंगळवारचा ना? मग तो क्वाबेना. त्याला सांग. आणि तुझा वार कोणता, आजीने कधी सांगितला होता का?

आता पुस्तक. ‘सोसूज कॉल’, मेशॅक असारे यांचं. इथलेच लेखक, चित्रंही त्यांचीच. १९९९ साली याला युनेस्कोचा बालसाहित्याचा पुरस्कार मिळाला. त्याआधी १९८२ साली त्यांच्या दुसऱ्या पुस्तकाला नोमा पुरस्कार मिळाला होता, त्यातला मुलगा क्वाजो, म्हणजे सोमवारचा. लिहून पोट भरत नाही असं बाबा म्हणायचे. ते इथल्यांनाही माहीत असावं. मोठ्या मुलांसाठी लिहून पुन्हापुन्हा बर्ट पुरस्कार मिळवलेल्या रुबी यायरा गोका दातांच्या डॉक्टर आहेत, आणि २००६ चा मॅकमिलन पुरस्कार मिळालेल्या एलिझाबेथ-आयरीन बेटी अक्रामध्ये रक्त-लघवी तपासायची लॅब चालवतात.

सोसूला चालता येत नाही. त्याचं गाव समुद्र आणि खाडीच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर. (इथून पूर्वेला केटा नावाचं गाव असंच आहे, त्याचा बराच भाग समुद्राने खाल्लाय.) बाप त्याला होडीत घेऊन जातो तर दोघं म्हणतात, असल्या पोराला आणू नकोस, अपशकुन होतो. मग तो घरीच, कुत्र्याबरोबर. एक दिवस माणसं कामावर असताना समुद्र गावात शिरतो. सोसू सरपटत जाऊन ढोल वाजवतो, लोक धावत येतात, मागे राहिलेले म्हातारे आणि लहान पोरं वाचतात. नंतर त्याला चाकाची खुर्ची मिळते. मला एवढंच पटलं नाही. गाव वाचवलं नसतं तर मिळाली नसती का? पण हे ओंकारला सांगू नकोस, त्याला ढोल आवडेल.

पुस्तक इंग्रजीत आहे, म्हणून पानोपानी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्यात. तू शाळेत वाचायचीस तशी वाचून दाखव. होडीच्या पानाला मला दोन रविवार लागले. मजकूर थोडकाच आहे. मनूच्या साखरपुड्याला “त्याला कशाला गर्दीत, त्रास होईल” असं म्हणणारा मीच होतो. ओंकार नवा सदरा घालून बसला होता. वहिनी काही बोलली नाही.

मनूच्या लग्नाला मला रजा मिळत नाहीये. तिकिटाचंही आहे थोडं, पण मुख्य रजाच. तिला मी स्वतः सांगेन, तुम्ही आधी बोलू नका. सांगलीच्या स्थळाला माझा नकार कळवलात तरी चालेल, उगाच ताटकळत ठेवू नका. पुढच्या आठवड्यात पन्नास हजार पाठवतोय. तीस लग्नाला. वीस मांडवात घालू नका, दाराच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा. गवंड्याला सांगा, एक फूट उंचीला बारा फूट लांबी हवी, नाहीतर खुर्ची खाली धावते. आपल्या पायऱ्या दीड फूट, म्हणजे अठरा फूट, थेट तुळशीपर्यंत येईल. तुळस हलवायची की उतार वळवायचा ते तू ठरव.

सदरा आता त्याला आखूड झाला असेल. लग्नाला नवा घ्या, आणि त्याला पुढे बसवा.

तुमचा
सुहास