आईच्या गुडघ्यावरून ठरलेला युरोपचा रेल्वे प्रवास: ताई, मनापासून थँक्यू

ताई,

फोनवर दहा वेळा थँक्यू म्हणून झालं पण समाधान होत नाहीये, म्हणून हे सविस्तर लिहितेय. आई-बाबांना घेऊन व्हिएन्ना ते पॅरिस सगळं रेल्वेने करायचं हे मी जानेवारीत ठरवलं तेव्हा माझ्याकडे नुसती एक्सेल शीट होती, आणि ती मी तुम्हाला पाठवली तर तुम्ही ती उघडायच्या आधी विचारलंत, "आईचा गुडघा कसा आहे? जिने किती चढू शकते?" आपण तोवर एकदाही भेटलो नव्हतो, बहिणीच्या मैत्रिणीची मैत्रीण एवढीच ओळख. आणि तीन रविवार तुम्ही व्हिएन्नातून माझ्याबरोबर व्हिडिओ कॉलवर बसलात, तेही घरातला स्वयंपाक बाजूला ठेवून.

मी तर युरेल पास (एकाच पासवर युरोपातल्या बऱ्याच गाड्या) घ्यायलाच निघाले होते, कारण सगळे तेच सांगतात. तुम्ही म्हणालात थांब, आधी मोज, तुमचे मोठे प्रवास चारच आहेत, आणि पास असला तरी टीजीव्हीला, म्हणजे फ्रान्सच्या वेगवान गाडीला, वेगळं रिझर्वेशन लागतंच, त्यातही पासवाल्यांसाठी जागा मोजक्या. मग आपण एकेका तिकिटाची बेरीज केली आणि सुटी तिकिटं स्वस्त पडली. आपल्याला वेटिंग लिस्ट, आरएसी, तत्काळची सवय, शेवटी काहीतरी मिळेलच असं डोक्यात असतं. तिकडे तसं नाही, स्वस्त तिकीट लवकर संपतं आणि ते त्याच एका गाडीला बांधलेलं असतं, गाडी तुमच्या चुकीने सुटली की पैसे गेले. म्हणून महाग झालं तरी चालेल पण दोन गाड्यांच्या मध्ये वेळ ठेव हे तुमचं वाक्य मी शीटच्या वर लाल अक्षरात लिहून ठेवलं होतं.

व्हिएन्ना ते झुरिक मी नाइटजेट ही रात्रीची गाडी धरली होती, एक हॉटेलची रात्र वाचते म्हणून. तुम्ही म्हणालात आईला खालचा बर्थ मिळाला तरी आर्लबर्गचे डोंगर अंधारात जाणार, दिवसाच्या रेलजेटने जा, आठ तास लागतात पण ते आठ तास म्हणजेच ट्रिप आहे. किती खरं होतं ते! झाल्सबुर्ग, इन्सब्रुक, मग ती अरुंद दरी, आई खिडकीला नाक लावून बसली होती. आणि स्विस हद्दीवरच्या बुक्स स्टेशनला गाडी थांबून उलट्या दिशेने निघाली तेव्हा समोरच्या काकू दचकून बॅग उचलायला लागल्या, पण आई त्यांना मराठीतच म्हणाली, "बसा बसा, ताईने सांगितलंय, इथे गाडी फिरते." त्या काकूंना काय कळलं माहीत नाही पण त्या बसल्या.

बर्निनाचं, म्हणजे स्वित्झर्लंडहून इटलीतल्या तिरानोला जाणाऱ्या डोंगरातल्या रेल्वेचं, तर मी आयुष्यभर विसरणार नाही. बर्निना एक्सप्रेसच्या पॅनोरमा डब्याचं रिझर्वेशन कम्पल्सरी आणि त्याचे वेगळे पैसे, आणि त्याच रुळांवरून साध्या गाड्या धावतात ज्यांना रिझर्वेशनच लागत नाही, हे तुम्ही सांगितलं नसतं तर आम्ही कधीच शोधलं नसतं. स्वित्झर्लंडमधल्या कूरहून निघताना उजवीकडे बसा म्हणालात, बसलो, आणि लांडवासरचा पूल आला, ६५ मीटर उंच, वळत वळत सरळ कड्यातल्या बोगद्यात घुसतो. सेंट मॉरिट्झला गाडी बदलल्यावर आम्हाला खिडकी उघडते असा डबा मिळाला. २,२५३ मीटरवर ओस्पिझिओ बर्निनाला बाहेर अजून बर्फ होतं आणि बाबा थंडीत खिडकीतून डोकं काढून रूळ बघत होते. बाबांची सगळी नोकरी कसारा घाटाच्या वाऱ्या करण्यात गेली, तिथला चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर, मागून ढकलायला बँकर इंजिन लावावं लागतं. इथे ७ टक्के म्हणजे साधारण १४ला १, आणि चढताना चाक अडकवायला मधला दातेरी रूळ नाही काही नाही. बाबा तिरानोपर्यंत बोललेच नाहीत, उतरल्यावर एवढंच म्हणाले, "बघायचं राहिलं असतं गं."

आणि मिलान. तिरानोची गाडी तिथल्या चेंत्राले स्टेशनला येते आणि पॅरिसची टीजीव्ही पोर्ता गारिबाल्दी या दुसऱ्याच स्टेशनहून सुटते, हे माझ्या शीटमध्ये नव्हतंच, मी दोन्हीकडे नुसतं मिलान लिहून मध्ये पन्नास मिनिटं ठेवली होती. तुम्ही तिथे एक रात्र राहायला लावलंत. हिरव्या मेट्रोने दोनच स्टेशनं आहेत पण बॅगा, आईचा गुडघा आणि अनोळखी स्टेशन, पन्नास मिनिटांत ते झालंच नसतं. वाटेत एक गाडी चाळीस मिनिटं उशिरा आली, कुठली ते जाऊ दे, पण तेव्हा आम्ही तिघं बाकावर बसून थेपले खात होतो आणि कोणाला घाई नव्हती. मी घड्याळाकडे बघितलंसुद्धा नाही, आणि त्या क्षणी तुमची इतकी आठवण आली.

ताई, पैसे वाचवण्याचे सल्ले खूप जण देतात. पण माझी आई, जिला तुम्ही पाहिलंही नव्हतं, ती कुठल्या प्लॅटफॉर्मवर किती चालणार, रेलजेटला चढायच्या पायऱ्या तिला जमतील का, लिफ्ट कुठल्या टोकाला आहे, याचा विचार तुम्ही केलात.

आईने तुमच्यासाठी गोडा मसाला केलाय, तिखट कमी घातलंय कारण तुमच्या लेकाला चालत नाही हे तिने लक्षात ठेवलंय. जुलैमध्ये माझा मावसभाऊ व्हिएन्नाला येतोय, त्याच्याबरोबर पाठवते. तो तुम्हाला हाउप्टबानहोफवर, म्हणजे तिथल्या मुख्य स्टेशनवर, भेटेल, वेळ तुम्हीच सांगा.

तुमची,
नाशिकची धाकटी बहीण