विषय: नोटिशीच्या मुदतीची चुकीची मोजणी आणि आज बंद केलेलं तिकीट

प्रति,
व्यवस्थापन, करार-व्यवस्थापन सॉफ्टवेअर विभाग

तुमच्या मदतकेंद्राशी आज चौथ्यांदा बोलून झालं. आता लेखी कळवतो.

तुमचं सॉफ्टवेअर क्लेमच्या, म्हणजे मुदतवाढ किंवा जादा पैसे मागण्याच्या, नोटिशीचे २८ दिवस पत्र अपलोड केल्याच्या तारखेपासून मोजतं. फिडिक रेड बुकमध्ये, म्हणजे बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय नमुना करारात, १९९९ चं कलम २०.१ घ्या किंवा २०१७ चं २०.२.१, हे दिवस घटना कळली किंवा कळायला हवी होती तिथून सुरू होतात. आमच्या कामात जागेचा ताबा ३ जूनला मिळायचा होता, मिळाला नाही. मिटिंगचे मिनिट्स १९ जूनला आले, ते अपलोड झाले. मुदत १ जुलैला संपली, आणि ती चुकली की क्लेमचा हक्क जातो. तुमच्या पडद्यावर १७ जुलै दिसत राहिली. रिमाइंडर १० जुलैला आला, नोटीस ११ ला गेली. करार राबवणाऱ्या इंजिनियरने नोटीस मिळाल्यापासून १२ व्या दिवशी ती मुदतबाह्य ठरवली. त्याने १४ दिवसांत हरकत घेतली नसती, तर २०१७ च्या करारानुसार नोटीस वैध धरली गेली असती. हे १४ दिवसही तुमच्या कॅलेंडरमध्ये नाहीत.

मुदत संपताच हक्क संपवणाऱ्या अटी रद्द ठरवणाऱ्या भारतीय करार कायद्याच्या कलम २८ वर बोट ठेवून अशा मुदतीला आव्हान देता येतं, पण ते लवादापुढे. तोवर विलंबाचा दंड दर रनिंग बिलातून, म्हणजे काम चालू असतानाच्या बिलातून, कापला जातो आणि साइटवरचे पगार थांबत नाहीत.

आजचं संभाषण जसंच्या तसं देतो. तुमचा माणूस म्हणाला, "सर, तारीख तुम्हीच भरलीत, सिस्टिमने बरोबर मोजलं." घटनेची तारीख भरायचा रकाना कुठे आहे, असं विचारलं. सहा मिनिटं होल्ड. मग, "तो रकाना नाहीये सर. पत्र त्याच दिवशी अपलोड करायचं ना." ३ जूनला पत्रच नव्हतं, कारण ताबा न मिळणं हीच घटना होती, हे दोनदा सांगितलं. त्यावर उत्तर आलं, "अठ्ठावीस दिवसांचं एवढं कोण बघतं? इंजिनियर ओळखीचा असेल ना, बोलून घ्या." करारातली जोखीम सांभाळायला म्हणून विकलेल्या सॉफ्टवेअरच्या कंपनीने हे सांगावं! फोन ठेवल्यावर पाच मिनिटांत मेल आला: तिकीट बंद, ग्राहकाचे समाधान झाले. आमचं समाधान झालेलं नाही. ही नोंद आजच काढा.

पत्रांचे नमुनेही धोक्याचे आहेत. २०१७ च्या करारात नोटिशीवर ती नोटीस असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. तुमच्या नमुन्याचं शीर्षक आहे 'विलंबाबाबत माहिती'. उपकंत्राटदाराला मुदतवाढ देण्याच्या पत्रात नुकसानभरपाईचा हक्क राखून ठेवणारं वाक्य नाही. करार कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे, उशिराचं काम स्वीकारताना तशी सूचना दिली नाही तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. हे वाक्य मागच्या आवृत्तीत होतं. ते कोणी काढलं आणि कोणत्या वकिलाला विचारून, हे आम्हाला कळलंच पाहिजे.

बँक गॅरंटीच्या नोंदीत वैधतेची तारीख आहे, दावा करण्याची शेवटची तारीख नाही. दोन्ही वेगळ्या असतात.

१५ दिवसांत लेखी उत्तर हवं. घटनेची तारीख, ती कळल्याची किंवा कळायला हवी होती ती तारीख आणि नोटीस पोहोचल्याची तारीख असे तीन वेगळे रकाने द्या. मुदतीची मोजणी फक्त दुसऱ्या रकान्यावरून व्हावी. पहिला इशारा सातव्या दिवशी, दुसरा एकविसाव्या दिवशी यावा. चालू करारांच्या सगळ्या मुदती नव्याने मोजून यादी पाठवा. ही चूक एकाच कामापुरती असणं शक्य नाही. तुमच्या इतर ग्राहकांनाही कळवा, त्यांचेही दिवस चुकत असतील.

हे झालं नाही, तर उरलेल्या महिन्यांचं शुल्क आणि आमचा सगळा डेटा वाचता येईल अशा स्वरूपात परत करा. तुमच्या अटींमध्ये जबाबदारी वर्षभराच्या शुल्कापुरती मर्यादित केली आहे, ते वाचलं आहे. त्या कलमासकट आमचे वकील तुम्हाला नोटीस पाठवतील, आणि तिच्यावर 'नोटीस' असं लिहिलेलं असेल.

करार विभाग प्रमुख
पुणे