आधी कान तपासा

संपादक महोदय,
स.न.

कालच्या पुरवणीतला वय वाढेल तशी माणसं कमी करा छापाचा लेख वाचला. भाषा छान आहे, त्याबद्दल लेखकाचं अभिनंदन. पण साठी ओलांडली की इतरांच्या आयुष्यातला रस आपोआप आटतो आणि ही म्हणे परिपक्वता, हे ठरवलं कोणी? वर मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन बाईंचा हवाला. अहो, त्या एवढंच म्हणतात की पुढे वेळ थोडा उरलाय असं वाटलं की माणूस वरवरच्या ओळखी सोडतो आणि जवळच्यांना जास्त धरून राहतो. यात रस आटला कुठे?

आमच्या थोरल्या दादालाही सगळ्यांनी असंच परिपक्व करून टाकलं होतं. आयुष्यभर चौकस माणूस, अनोळख्याकडूनसुद्धा सगळा इतिहास काढून घेणारा, तो सत्तरीच्या आसपास गप्पच झाला. चार माणसं जमली की कोपऱ्यात, काही विचारलं की हसून मान हलवायची, नात नव्या नोकरीबद्दल भरभरून सांगतेय आणि हा 'छान छान' म्हणून मोकळा. घरचे कौतुकाने सांगायचे, ते आता कशात नसतात, विरक्त झालेत. मी म्हणत होते एकदा कान दाखवून आणा, पण बहिणीचं ऐकतो कोण.

शेवटी तपासणी झाली आणि तेच निघालं. वयामुळे ऐकू कमी येतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, स, फ असली अक्षरं गळतात, त्यामुळे कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते कळत नाही, लहान मुलांचं आणि गर्दीतलं बोलणं तर विचारूच नका. असा माणूस कोणाची चौकशी करेल कशाला? उत्तर कळणार नाही हे त्याला ठाऊक असतं, आणि तिसऱ्यांदा 'काय?' म्हटलं की समोरचा 'जाऊ दे, काही विशेष नाही' म्हणतो ते वेगळंच.

मशीन लावल्यावर लगेच सगळं सुरळीत झालं असंही नाही, भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, चिडून काढून ठेवायचा, सेटिंग पुन्हा पुन्हा करून आणावं लागलं. पण मग जो सुटला! नातीचा साहेब कसा आहे, शेजारच्या टेबलावर कोण बसतं, त्याचं लग्न झालंय का. आता त्याच घरच्यांची तक्रार की बाबा फार चौकशा करतात. घ्या.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की साठीपुढच्या ६५ टक्क्यांहून जास्त लोकांना थोडंफार तरी कमी ऐकू येतं. अख्ख्या पानभर लेखात कान हा शब्द एकदाही नाही!

सगळाच दोष कानांचा नसतो हे मान्य. माझी एक मैत्रीण फोन करून स्वतःच्या रिपोर्टांचा पाढा वाचते आणि माझं काही न विचारता 'बरं, ठेवते' म्हणते. तिचे कान ठणठणीत आहेत. पण ती तिशीतही अशीच होती, वयाला कशाला बोल लावायचा.

आणि जाता जाता, फिकट निळ्या पानावर करड्या रंगाची एवढीशी अक्षरं ही कल्पना कोणाची? तीही ज्येष्ठांसाठीच्या पुरवणीत? मी भिंग घेऊन वाचला. हा लेख पुन्हा छापू नका, पण पुढचे तरी काळ्या शाईत छापा.

– एक (अजून चौकस) वाचक